जांभळ्याचं पिवळं झालं, पण क्रीम कधी होणार? रानातल्या पानाची चाळणी

लॅबमधे पहिल्यांदा अर्क तपासायला बसले तेव्हाची गोष्ट. ९६ वेलची प्लेट असते (वेल म्हणजे इवलासा खड्डा, मांडवावर चढते ती वेल नव्हे), प्रत्येक वेलमधे गडद जांभळं द्रावण, त्यात पिपेटने आमच्या रानातल्या झाडाच्या पानांचा अर्क सोडला आणि अर्ध्या तासाने बघते तर रांगच्या रांग पिवळी. प्लेट हातात धरून मी जवळजवळ पळतच मॅडमकडे गेले, की बघा, भारी अँटिऑक्सिडंट सापडलंय. त्यांनी चष्म्यावरून प्लेटकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "छान. आता असं कर, बाहेर कुंपणाला जी पानं आहेत ना, ती चार तोड आणि त्यांचाही अर्क करून बघ." केला. तीही पिवळी झाली. आमच्यापेक्षा जरा जास्तच.

तेव्हा तोंड पडलं होतं, पण आता कुणी विचारलं की वनस्पतींचे अर्क स्किन केअरसाठी "स्क्रीन" करतात म्हणजे नक्की काय करतात, तर मी हाच किस्सा सांगते. कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की शास्त्रज्ञ रानात जातात, गुणकारी झाड शोधतात आणि त्याचं क्रीम करतात. प्रत्यक्षात शोधणं फार सोपं आहे हो, कुठलंही हिरवं पान कुठल्या ना कुठल्या टेस्टमधे पास होतंच. अवघड आहे ते बाद करणं. स्क्रीनिंग हा शब्दच चाळणीचा आहे, आणि चाळणीचं काम खाली पाडणं. वर शेवटी किती उरतं ते बघा, बऱ्याचदा काहीच उरत नाही.

सुरुवात झाडाच्या नावापासून होते आणि पहिली गडबडही तिथेच. ब्राह्मी म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर कुठलं झाड येतं? कुणी बकोपा मोनिएरी म्हणजे ती जाडसर छोट्या पानांची, ओलीत पसरणारी ब्राह्मी म्हणेल, कुणी सेंटेला एशियाटिका म्हणजे गोल पानांची मंडूकपर्णी दाखवेल, दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि दोन्ही झाडांची कुळं वेगळी, आतली रसायनं वेगळी, त्वचेवर होणारं कामही वेगळं. सध्या क्रीमच्या डबीवर "सिका" म्हणून जे मिरवतं ते सेंटेला. म्हणून लॅबमधे काम करायचं तर आधी झाडाचा फुलासकट नमुना दाबून वाळवून हर्बेरियममधे, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, जमा करायचा, त्याला नंबर घ्यायचा, वनस्पतीशास्त्रज्ञाकडून नाव पक्कं करून घ्यायचं. हल्ली डीएनए बारकोडिंगही (डीएनएवरून झाड ओळखणं) करतात, खासकरून माल पावडरच्या रूपात आला असेल तर, कारण पावडर झाली की सगळी झाडं सारखीच हिरवट-तपकिरी दिसतात. पण अर्क गाळून झाला की त्यात डीएनए फारसा उरत नाही, तिथे मग रसायनांचा ठसा काढावा लागतो, एचपीटीएलसी नावाच्या पद्धतीने. काचेच्या पातळ पट्टीवर अर्काचा थेंब चढवला की त्यातली द्रव्यं वेगवेगळ्या उंचीवर रंगीत पट्ट्यांसारखी वेगळी होतात आणि प्रत्येक झाडाची पट्ट्यांची नक्षी वेगळी असते.

बरं नाव पक्कं झालं तरी तेच झाड दर वेळी तेच नसतं. पावसात तोडलेलं पान आणि उन्हाळ्यात तोडलेलं पान, डोंगरावरचं आणि ओढ्याकाठचं, कोवळं आणि जून, सगळ्यांत रसायनांचं प्रमाण बदलतं. झाड ती रसायनं आपल्या चेहऱ्यासाठी बनवत नाही ना, किडे, बुरशी, ऊन यांच्याशी लढायला बनवतं, त्यामुळे लढाई जशी तसा दारुगोळा. पहिल्या बॅचला जबरदस्त रिझल्ट आणि दुसऱ्या बॅचला शून्य, हा अनुभव या कामातल्या प्रत्येकाला कधी ना कधी येतोच.

मग अर्क काढायचा. इथे एक साधी गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं कळतं, ती म्हणजे पाण्यात विरघळणारं पाण्यात उतरतं आणि तेलकट ते तेलकट सॉल्व्हेंटमधे, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात. एकाच पानाचा पाण्यातला काढा, अल्कोहोलमधला अर्क आणि हेक्झेनमधला अर्क या तीन वेगळ्या वस्तू आहेत, झाड एक असलं तरी. संशोधनात सगळ्यात लाडकं सॉल्व्हेंट मेथॅनॉल, कारण ते जवळजवळ सगळंच ओढून काढतं, रिझल्ट झकास येतात. पण मेथॅनॉल विषारी, ते क्रीममधे चालत नाही. कंपनी जो अर्क वापरते तो बहुतेक वेळा पाणी, ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल असल्या गोष्टीत काढलेला असतो, किंवा महागातला माल असेल तर दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने. म्हणजे कसं, पेपर छापला मेथॅनॉलच्या अर्कावर आणि डबीत भरला ग्लिसरीनचा, आणि जाहिरातीत दोघांचं नाव एकच. हे मुद्दाम फसवायलाच करतात असंही नाही, कित्येकदा मार्केटिंगवाल्यांना हा फरक माहीतच नसतो.

आता त्या जांभळ्या प्लेटकडे परत येऊ. त्या जांभळ्या रसायनाचं नाव डीपीपीएच, आणि १९५८ साली ब्लॉइस नावाच्या शास्त्रज्ञाने ही टेस्ट मांडली, ती आजतागायत चालू आहे कारण स्वस्त आहे, पटकन होते आणि रंग बदलताना डोळ्याला दिसते. डीपीपीएचच्या रेणूवर एक एकटा इलेक्ट्रॉन असतो, त्याला जोडीदार मिळाला की जांभळा रंग जातो आणि पिवळा उरतो, मशीनवर ५१७ नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं आणि रंग किती उतरला ते मोजायचं. एवढंच. पण डीपीपीएच हा काही आपल्या त्वचेत सापडणारा रेणू नाही, मेथॅनॉलमधे तरंगणारा प्रयोगशाळेतला रेणू आहे, आणि त्याला इलेक्ट्रॉन द्यायला कुठलंही पॉलिफिनॉल (झाडांत सर्रास सापडणाऱ्या रसायनांचा एक गट) एका पायावर तयार असतं. पॉलिफिनॉल नाहीत असं हिरवं पान शोधून दाखवा. म्हणूनच कुंपणाची पानं जिंकली. असल्याच आणखी एका मोजमापाची, ओआरएसी नावाच्या, खाद्यपदार्थांची मोठी यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने वेबसाइटवर ठेवली होती, ती त्यांनी २०१२ साली स्वतःच काढून टाकली, कारण परीक्षानळीतल्या आकड्यावरून शरीरात काय होईल ते सांगता येत नाही आणि लोक तो आकडा माल खपवायला वापरत होते. तरी अजून सिरमच्या जाहिरातीत "अमुकपट अँटिऑक्सिडंट शक्ती" वाचायला मिळतंच.

याहून मजेशीर गोष्ट गोरेपणाच्या, म्हणजे हल्लीच्या भाषेत "ब्राइटनिंग"च्या टेस्टची. त्वचेतला काळा रंग म्हणजे मेलॅनिन, तो बनवताना टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं, तेव्हा हे एन्झाइम अडवलं की रंग कमी, असा साधा हिशोब. मग लॅबवाले काय करतात, बाजारात तयार मिळणारं टायरोसिनेज विकत आणतात, त्याला एल-डोपा नावाचं रसायन खायला देतात, तपकिरी रंग येतो, आणि अर्क घातल्यावर तो रंग येईनासा झाला की टाळ्या. पण ते विकतचं टायरोसिनेज येतं कुठून? मशरूममधून! आपण भाजी करतो त्या बटन मशरूममधून. वर्षानुवर्षं हजारो झाडांचे अर्क मशरूमच्या एन्झाइमवर तपासून "त्वचा उजळते" असं लिहिलं गेलं. २०१८ मधे एका गटाने माणसाचं टायरोसिनेज वापरून ५० हजार रेणू तपासले आणि त्यात दिसलं की माणसाच्या एन्झाइमला अडवायला लागणारी रेणूची घडण मशरूमपेक्षा बरीच वेगळी आहे, कोजिक ॲसिड किंवा आर्ब्युटिनसारखी त्वचा उजळवण्यासाठी नावाजलेली मंडळी माणसाच्या एन्झाइमवर अगदीच कमजोर निघाली, आणि जो रेणू माणसाच्या एन्झाइमवर सगळ्यात भारी ठरला तो मशरूमवर सुमार होता. म्हणजे मशरूमची चाळणी लावली असती तर नेमका तोच खाली पडला असता. वाईट याचं वाटतं की मशरूमवाली टेस्ट अजूनही जोरात चालते, कारण माणसाचं एन्झाइम महाग आणि मिळायला कटकट.

आणि टॅनिन. टॅनिन म्हणजे तो तुरट पदार्थ, कच्चं जांभूळ खाल्लं की जीभ आखडते तो. जीभ का आखडते? तर टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतं. आता एन्झाइम हेसुद्धा प्रथिनच. अर्कात टॅनिन भरपूर असेल तर ते कुठल्याही एन्झाइमला मिठी मारून त्याचा साका करणार आणि मशीन सांगणार एन्झाइम बंद पडलं, इनहिबिशन ९५ टक्के. टायरोसिनेज आणा, कोलॅजन तोडणारं आणा, इलास्टिन तोडणारं आणा, सगळ्यांवर "गुणकारी". एकाच अर्काने गोरेपणा, सुरकुत्या, सूज, पिंपल सगळ्यावर रामबाण रिझल्ट दिला की अनुभवी माणूस आनंदी होत नाही, संशय घेतो. असं सगळ्या टेस्टमधे गोंधळ घालणाऱ्या रेणूंची रीतसर ओळखच २०१० मधे बेल आणि हॉलोवे या दोघांनी मांडली, त्याला पेन्स म्हणतात, आणि त्यात आपली हळद, म्हणजे तिच्यातलं कर्क्युमिन, हे अगदी नमुनेदार उदाहरण. ते स्वतः पिवळं, वर चमकतं, प्रथिनांना चिकटतं, आणि शरीराच्या सामू इतक्या द्रावणात ठेवलं तर काही मिनिटांतच मोडायला लागतं, त्यामुळे टेस्टमधे काम नक्की कुणी केलं, कर्क्युमिनने की त्याच्या तुकड्यांनी की नुसत्या रंगाने, हे कळणं मुश्किल. याचा अर्थ हळद निरुपयोगी असा नाही, एवढाच की प्लेटवरच्या आकड्याला साक्षीदार म्हणून उभं करू नका.

माझी स्वतःची सगळ्यात लाजिरवाणी चूक एमटीटीची. पेशी जिवंत आहेत की मेल्या हे बघायची ही टेस्ट. पिवळं रसायन घालायचं, जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, जितकं जांभळं तितक्या पेशी जिवंत. (हो, इथे उलटं, पिवळ्याचं जांभळं.) मी एका सालीचा अर्क त्वचेच्या पेशींवर घातला, डोस वाढवत गेले, आणि जिवंत पेशी १०० टक्क्यांवरून १४० टक्के! मी लगेच वहीत लिहिलं, अर्कामुळे पेशींची वाढ होते, जखम भरण्यासाठी उपयुक्त वगैरे. बाजूला बसणाऱ्या सीनियरने फक्त एक प्रश्न विचारला, "मायक्रोस्कोपखाली बघितलंस का?" बघितलं. पेशी गोल होऊन तळ सोडून तरंगत होत्या, मेलेल्या. पिवळ्याचं जांभळं पेशींनी नव्हतंच केलं, अर्कातल्या पॉलिफिनॉलनी परस्पर केलं होतं. पेशी न घालता नुसता अर्क आणि एमटीटी असा एक कंट्रोल लावला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. तेव्हापासून रिकाम्या वेलचा कंट्रोल मी देवाच्या दिव्यासारखा लावते, चुकवत नाही.

कंट्रोलवरून आठवलं, ग्रेपफ्रूट बियांच्या अर्काचा किस्सा तर या क्षेत्रातल्या प्रत्येकाने भिंतीवर लावावा असा. हा अर्क नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून भयंकर गाजला, जंतू मारतो, बुरशी मारतो. १९९९ साली जर्मन संशोधकांनी बाजारातले सहा अर्क आणून तपासले. पाच अर्कांनी जंतू मारले, आणि त्या पाचही अर्कांत बेन्झेथोनियम क्लोराइड नावाचं कृत्रिम जंतुनाशक सापडलं. सहाव्यात कुठलंच प्रिझर्व्हेटिव्ह नव्हतं आणि त्याने जंतूही मारले नाहीत. म्हणजे इतकी वर्षं ज्याच्या नावाने आरती चालली होती तो देव गाभाऱ्यात नव्हताच. म्हणून नवा अर्क आला की आधी त्यात झाडाचं नसलेलं काय काय आहे ते बघायचं असतं, शिसं, पारा, आर्सेनिक, कीटकनाशकं, उरलेलं सॉल्व्हेंट, बुरशीची विषं. हे कंटाळवाणं काम आहे, यावर कुणी पेपर छापत नाही, पण इथे बाद होणारे अर्क कमी नसतात.

समजा हे सगळं पार पडलं आणि अर्कात खरंच काम करणारा रेणू सापडला. आता तो त्वचेत शिरणार कसा? त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या चपट्या पेशींचा, १० ते २० मायक्रॉन जाड, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी, पण भिंत अशी चिरेबंदी की विटा म्हणजे पेशी आणि मधला चुना म्हणजे चरबी. तिचं कामच मुळी बाहेरचं आत येऊ न देणं हे आहे. साधारण नियम असा की ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) जड रेणू तिच्यातून जवळजवळ जात नाही, बॉस आणि माइनार्डी यांनी २००० साली हा मांडला. शिवाय रेणू फार पाणीप्रिय नको, फार तेलकटही नको, मधला हवा. आता सेंटेलाचंच बघा, त्यातलं एशियाटिकोसाइड ९५९ डाल्टनचं, साखरेची गाठोडी पाठीवर घेतलेलं, आणि त्याच झाडातलं एशियाटिक ॲसिड ४८९ च्या आसपास, जेमतेम दाराच्या मापात. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन ८२३ आणि त्याच मुळातलं ग्लॅब्रिडिन ३२४. म्हणून "ज्येष्ठमधाचा अर्क आहे" हे वाक्य अर्धवट आहे, कुठला अर्क, पाण्यातला की तेलकट सॉल्व्हेंटमधला, त्यावर कुठला रेणू डबीत आला ते ठरतं. पेशींच्या प्लेटमधे ही भिंतच नसते ना, तिथे पेशी उघड्याबोडक्या अर्कात पोहत असतात, त्यामुळे प्लेटवर सगळेच शूर. भिंत तपासायला फ्रान्झ सेल नावाचं काचेचं भांडं वापरतात, मधे त्वचेचा तुकडा ताणून बसवायचा, वर क्रीम लावायचं, खालच्या द्रवात काय उतरलं ते तासातासाला मोजायचं. अर्थात प्रत्येक गोष्ट आत जायलाच हवी असं नाही, ओलावा धरणारी, आग शांत करणारी बरीच द्रव्यं वरवर राहूनही काम करतात, फक्त मग "पेशींच्या गाभ्यात जाऊन दुरुस्ती" असं लिहू नये.

आता सुरक्षिततेकडे येते, आणि इथे मला जरा थांबायचंय कारण "नैसर्गिक आहे, त्रास कसा होईल" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. बावचीचं बी घ्या. कोडाच्या पांढऱ्या डागांवर ते पूर्वापार लावत आले, लावायचं आणि उन्हात बसायचं. त्यातलं सोरालेन हे द्रव्य त्वचेत शिरतं, अल्ट्राव्हायोलेट पडलं की डीएनएला जाऊन चिकटतं, त्वचा लाल होते, जास्त झालं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर रंग गडद होतो. डागांवर उपचार म्हणून डॉक्टरच्या देखरेखीत हाच गुण कामाचा, चेहऱ्याला रोज लावायच्या क्रीममधे हाच गुण भयंकर. आणि गंमत बघा, त्याच बावचीत बाकुचिऑल आहे, संस्कृत बाकुची या नावावरूनच ठेवलेलं, १९६६ साली भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळं करून दाखवलेलं, जे आज रेटिनॉलला (सुरकुत्यांवर लावतात ते व्हिटॅमिन ए) सौम्य पर्याय म्हणून जगभर विकलं जातं. म्हणजे एकाच बीत हवं तेही आणि नको तेही शेजारी शेजारी बसलंय. बाकुचिऑल शुद्ध करून सोरालेन काढून टाकलं तर ठीक, पण कुणी घरी बावची तेलात उकळून "नॅचरल बाकुचिऑल सिरम" बनवत असेल तर कृपा करून बनवू नका.

हे उन्हाचं भांडण तपासायची टेस्ट मला फार आवडते, कारण ती इतकी सरळ आहे. एकसारख्या दोन प्लेट, दोन्हीत उंदराच्या ३टी३ नावाच्या पेशी, दोन्हीत तोच अर्क त्याच चढत्या डोसांना. एक प्लेट अंधारात ठेवायची, दुसरीवर यूव्हीए हा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश सोडायचा, तोही इतकाच की नुसत्या प्रकाशाने पेशी मरू नयेत. दुसऱ्या दिवशी न्यूट्रल रेड हा लाल रंग घालायचा, जिवंत पेशी तो पोटात साठवतात. अंधारातली प्लेट लालभडक आणि उजेडातली फिकट दिसली की समजायचं, हा अर्क ऊन लागलं की विष होतो. निम्म्या पेशी मारायला अंधारात किती डोस लागला आणि उजेडात किती, या दोन डोसांचं गुणोत्तर पाचच्या वर गेलं की फोटोटॉक्सिक असा शेरा. लिंबूवर्गातल्या सालीची तेलं, गाजर-सेलरीच्या कुळातली बरीच झाडं इथे अडकतात. बर्गामॉट या लिंबूवर्गातल्याच फळाचं तेल तर याच कारणाने न धुता लावून ठेवायच्या प्रॉडक्टमधे ०.४ टक्क्यांवर घालू नये अशी सुगंध उद्योगाची स्वतःचीच मर्यादा आहे.

ॲलर्जीचं प्रकरण वेगळं आणि जास्त चिवट. सुगंधी तेलांत लिनालूल, लिमोनीन असतात, ताजी असताना ती बऱ्यापैकी निरुपद्रवी, पण बाटली उघडी राहून हवा लागली की त्यांची हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात आणि ती ॲलर्जी लावण्यात पटाईत. म्हणजे आज तपासलेलं तेल पास आणि तेच सहा महिन्यांनी नापास होऊ शकतं. युरोपात अशी सुगंधी द्रव्यं लावून ठेवायच्या प्रॉडक्टमधे ०.००१ टक्क्याच्या वर असली तर लेबलवर नावानिशी लिहावी लागतात, आधी २६ होती, २०२३ च्या नियमाने ती यादी ८० च्या पुढे गेली. पूर्वी हे सगळं सशांच्या डोळ्यांवर आणि गिनीपिगच्या पाठीवर तपासायचे. युरोपने ११ मार्च २०१३ पासून प्राण्यांवर तपासलेल्या सौंदर्यप्रसाधनांची विक्रीच बंद केली, त्यामुळे आता प्रयोगशाळेत वाढवलेली मानवी त्वचा, पेशी, रसायनं यांच्यावरच्या टेस्ट वापरतात. अर्कासारख्या खिचडीला मात्र त्या टेस्ट जरा जड जातात, कारण त्या एकेका शुद्ध रेणूसाठी बेतलेल्या, आणि इथे एका थेंबात शेकडो रेणू. शेवटी माणसांच्या पाठीवर पुन्हा पुन्हा पट्टी लावून, मधे विश्रांती देऊन, परत लावून बघावंच लागतं.

एवढं होऊन अर्क क्रीमवाल्याकडे जातो आणि तिथे त्याची खरी परीक्षा होते. आमचा तो पहिला पिवळा करणारा अर्क, तो खरं तर बराच पुढे गेला होता, पेशींवर त्रास नाही, उन्हात त्रास नाही. क्रीममधे एक टक्का घातला, ४० अंशाच्या कपाटात ठेवला, सहाव्या आठवड्यात क्रीम फिकट हिरव्याचं शेवाळी तपकिरी झालं आणि वास म्हणाल तर ओल्या गवताची गंजी. ज्या गुणासाठी तो घेतला, की तो चटकन इलेक्ट्रॉन देतो, त्याच गुणामुळे तो डबीतच हवेला इलेक्ट्रॉन देऊन मोकळा झाला. ०.१ टक्क्याला रंग टिकला, पण ०.१ टक्क्याला तो काही काम करतो याचा पुरावा आमच्याकडे नव्हता. लेबलवर नाव छापायला मात्र ०.१ टक्काही पुरतो, हे तुम्ही लक्षात घेतलं असेलच. त्यातही "५ टक्के अर्क" असं लिहिलेलं असलं तरी तो अर्क म्हणजे बहुतेक ग्लिसरीन-पाणी आणि त्यात झाडाचा खरा ऐवज एखाद-दोन टक्के असू शकतो, मग डबीत उरलं किती ते तुम्हीच गुणा. शिवाय अर्क म्हणजे साखर, प्रथिनं, म्हणजे जंतूंसाठी पंगतच की, त्यामुळे क्रीममधे मुद्दाम पाच प्रकारचे जंतू-बुरशी सोडून २८ दिवस बघायचं असतं ते मरतात की पोसले जातात.

माणसांवरची चाचणी शेवटी, कारण सगळ्यात महाग. बाकुचिऑलची जी सारखी सांगतात ती २०१९ साली छापून आलेली, ४४ माणसं, १२ आठवडे, काहींना बाकुचिऑल ०.५ टक्के दिवसातून दोनदा, बाकीच्यांना रेटिनॉल ०.५ टक्के दिवसातून एकदा, आणि कुणाला काय दिलंय हे तपासणाऱ्यांना माहीत नाही. सुरकुत्या आणि डाग दोन्हीकडे सारखेच कमी झाले, त्वचा सोलवटणं आणि चुरचुरणं रेटिनॉलवाल्यांना जास्त. वनस्पतींच्या जगात हा अभ्यास चांगल्यापैकी आहे, खरंच. पण नुसतं साधं क्रीम लावणारा तिसरा गट त्यात नव्हता, आणि १२ आठवडे नेमाने कुठलंही बरं क्रीम लावलं की त्वचा थोडी सुधारतेच. तिसरा गट का हवा ते यावरून कळावं, आणि बहुतेक अर्कांच्या बाबतीत तर पहिला गटसुद्धा नसतो.

एक गोष्ट राहिली, जी टेस्टची नाहीये पण चाळणीच्या आधी यायला हवी. झाड कुणाचं? रानातलं कुठलं पान कशावर चालतं हे बहुतेक वेळा तिथे राहणाऱ्या कुणीतरी सांगितलेलं असतं, आंधळेपणाने हजार झाडं तोडत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ ला पेटंट दिलं गेलं होतं आणि जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन ते १९९७ ला रद्द करून घ्यावं लागलं, कारण ती माहिती लिहून ठेवलेली होती. जिची लिहून ठेवलेली नाही तिचं काय? २०१० मधे नागोया करार झाला, २०१४ पासून लागू झाला, त्यानुसार झाड ज्या देशातलं त्या देशाचे नियम असतील तसे परवानगी आधी घ्यायची, लाभात वाटा ठरवायचा, मग तोडायचं. कागदपत्रं वाढली म्हणून लॅबमधे सगळे कुरकुरतात, मीही कुरकुरले आहे. मधे एकदा आमचा तो जुना हर्बेरियमचा नमुना काढून बघत होते. पानं पार तपकिरी झालीत, खाली चिठ्ठी, शास्त्रीय नाव, गोळा करणाऱ्याचं नाव म्हणजे माझं, तारीख, उंची, आणि "स्थानिक नाव" या रकान्यात माझ्याच अक्षरात ते छान नाव लिहिलेलं. ते नाव मला वाटेत थांबवून ज्या आजींनी सांगितलं, पान चुरगाळून नाकाशी धरून दाखवलं, त्यांच्यासाठी चिठ्ठीवर रकाना नाहीये.